रिकामी खुर्ची

सन 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस प्रथम पारितोषिक मिळाले, आणि लेखक म्हणून जाहीर झालेले नारायण विनायक जगताप हे वस्तुतः खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर होत, हे मागाहून उघड झाले. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलट क्रमाने लावावीत म्हणजे ना. वि. ज. सिद्ध होतात. मराठी विज्ञानकथेच्या या महत्त्वाच्या पर्वाचा आरंभच अशा गुप्त खुणेने व्हावा, याचे मला फार अप्रूप वाटत आले आहे.

‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह 1979 साली निघाला. आमच्या पनवेलच्या वाचनालयातून तो घरी आणला तेव्हा मी ऐन तारुण्यात होतो, आणि त्या वयाला शोभेल अशा उतावीळपणे कथेतले यंत्र कोणते, सिद्धान्त कोणता, एवढाच शोध घेत होतो. पुढे महसूल खात्यात चिकटलो, आणि दफ्तरे, निवाडे व फेरफारांच्या नोंदी यांच्या सहवासात माझ्या वाचनाला निराळेच वळण लागले.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मी खऱ्या अर्थाने वाचली ती या काळात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अशा मुंबईत जाऊन पोहोचतात, जिच्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून तिळभर अंतराने निघून जाते, आणि तेवढ्यावरून 1761 चे पानिपत मराठे जिंकतात, कंपनी सरकारचा अंमल थोड्या मुलखापुरता उरतो आणि देश आपल्याच पायांनी लोकशाहीकडे वळतो. प्रलयसिद्धान्त आणि पुंजसिद्धान्त यांच्या आधारे लेखकाने या साऱ्याची उपपत्ती दिली आहे. परंतु माझे चित्त गुंतले ते पंतांच्या खिशात राहिलेल्या, त्या दुसऱ्या इतिहासाची साक्ष देणाऱ्या बखरीच्या फाटक्या पानात. दफ्तरात जे दाखल आहे तेच घडले, अशा श्रद्धेवर ज्या खात्याचा संसार चालतो, त्या खात्यातल्या माणसाला ते पान स्वस्थ बसू देत नाही. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतल्या जमिनी संपादनाखाली आल्या. सातबाऱ्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची कुळांची व खातेदारांची नावे एकेका फेरफाराने कमी होत गेली. जानेवारी 1984 मध्ये येथून जवळच जासई आणि पागोटे येथे या जमिनींसाठीच्या आंदोलनावर गोळीबार झाला व पाच आंदोलक हुतात्मा झाले, तेव्हा विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली ती कल्पित गोळी मला वारंवार आठवू लागली. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची तरतूद ज्या लढ्यातून पुढे आली, त्याची किंमत त्या पाच घरांनी चुकविली होती, आणि कोणत्याही बखरीच्या पानात त्यांच्यासाठी दुसरा इतिहास राखून ठेवलेला नव्हता. कथेतला गूढार्थ म्हणतात तो मला येथे गवसला: घडलेल्याला अटळ म्हणण्याची सवय हा नारळीकरांच्या लेखी मनाचा आळस आहे, आणि मला तर तो अन्यायाचा जुना जामीन वाटतो.

याच कथेत आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते, आणि अध्यक्षाविना सभा ही कल्पनाच न सोसून पंत तिच्यावर जाऊन बसतात; श्रोते मात्र त्यांना मुळीच जुमानत नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे निर्वाचित अध्यक्ष नारळीकर प्रकृतीच्या कारणाने उपस्थित राहू शकले नाहीत, ही वार्ता वाचताना तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला आणि मन भरून आले.

माझ्या भाच्याला ‘धूमकेतू’ ही कथा अधिक प्रिय आहे. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ दूर लोटतात, आणि ज्याने तो प्रथम पाहिला त्या दत्तदांच्या घरी त्याचे श्रेय शांतियज्ञाला दिले जाते. “मामा, ही सरळसरळ अंधश्रद्धेची खिल्ली आहे,” असे तो म्हणतो. मला ते पटत नाही. दत्तदांच्या पत्नीने यज्ञ केला तो घरच्यांच्या जिवाच्या काळजीने, आणि लेखकाने त्या काळजीला कुठेही हिणवलेले नाही. आकाशातली अचूक गणिते मांडणाऱ्याला स्वतःच्या माजघरात ती पटवून देता येत नाहीत, या एकाकीपणाची ती कथा आहे, असे मी त्याला सांगतो. तो मान हलवतो, आणि वाद पुढच्या रविवारवर जातो.