शिडाचे कापड

आम्हा दोघांपैकी एकाचे घर श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरचे आणि दुसरीचे माहेर भिवंडीचे. एकीकडे तीन पिढ्या खलाशी, दुसरीकडे घराला लागून लूमचा कारखाना. लग्नाला 21 वर्षे झाली, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध येईल असे कधी वाटले नव्हते. तो आला दुबईत, मोठ्या भाईजानांच्या 34 फुटी यॉटचे मुख्य शीड बदलायची वेळ आली तेव्हा.

यॉट म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे शेखसाहेबांचे झगमगते जहाज येते. ही तशी नव्हे. फायबरची, जुनी, आत चार जणांना झोपायची जागा आणि एक छोटी शेगडी. भाईजान बोटीवर इंजिनिअर होते. पुढे बंदरात नोकरी लागली, तेव्हा मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून ती तिघांत घेतली: भाईजान, त्यांचे साडू आणि आम्ही. आमचा हिस्सा सर्वांत लहान. दोघांच्या मास्तरकीच्या पगारात तेवढाच बसला. शाळेला सुट्टी लागली की आठ-दहा दिवस जायचे, एवढाच आमचा हक्क.

गेल्या जानेवारीत मुसंदमहून परतत होतो. मुसंदम म्हणजे होर्मुझच्या सामुद्रधुनीत घुसलेले ओमानचे टोक. उघडे डोंगर आणि त्यांच्यामध्ये आत शिरलेले निळे पाणी. तिथून दुबईला यायचे तर तोंड नैऋत्येला ठेवावे लागते आणि किनारा डाव्या हाताला राहतो. सकाळी वारा पश्चिमेचा होता. दुपारी तो वाढत गेला. आखातात वायव्येकडून सुटणारा शमाल ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पाणी उथळ असल्याने लाटा आखूड आणि उभ्या येतात. बोटीवर आमचा तेरा वर्षांचा मुलगा होता, पुतण्या होता, भाभी होत्या.

वारा वाढला की शीड पूर्ण न उतरवता त्याचा खालचा भाग बूमवर, म्हणजे शिडाच्या पायाशी असलेल्या आडव्या दांड्यावर, बांधून ते लहान करतात. याला रीफ म्हणतात. आमच्या शिडाला दोनच रीफ होते. दोन्ही बांधले तरी शिडाचे पोट काही सपाट होईना. कापड जुने झाले की ते ताणले जाते आणि पोट मागच्या कडेकडे सरकते. मग वारा बोटीला पुढे ढकलण्याऐवजी आडवी पाडायला बघतो. आमची बोट खेकड्यासारखी तिरकी, किनाऱ्याच्या दिशेने सरकत होती. तेवढ्यात मागची कड वीतभर फाटली, जिथे आडवी पट्टी घालायचा खिसा असतो तिथे. भाईजानांनी शीड उतरवले, इंजिन लावले आणि मगरिबनंतर आम्ही रास अल खैमाच्या बंदरात शिरलो.

भाभी वाटेत काहीच बोलल्या नाहीत. घरी आल्यावर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "एक तर तीन रीफचं नवं शीड घ्या, नाही तर होडी विकून टाका. मुलांना घेऊन मी पुन्हा त्या शिडाखाली बसणार नाही."

भाईजानांच्या नोकरीची दोन वर्षे उरलेली, पुतणीची कॉलेजची फी डोक्यावर. विकून टाकावी असे साडूंचे मत पडले, आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण फाटक्या शिडाची बोट विकायला गेले की गिऱ्हाईक शिडाच्या किमतीच्या दुप्पट भाव पाडते. तेव्हा आधी शिडाचे दर मागवायचे ठरले.

तीन ठिकाणचे दर आले. एक 6,500 दिरहमचा, एक 9,200 चा आणि एक 15,000 चा. शेवटचा लॅमिनेटचा. त्यात पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यामध्ये मजबूत धागे चिकटवलेले असतात. असे शीड आकार सोडत नाही, शर्यतीच्या बोटी तेच वापरतात. पुतण्याचा जीव त्याच्यावर. आम्ही त्याच्या विरुद्ध होतो, आणि पैसे हे एकच कारण नव्हते. थरांमध्ये ओल शिरून बुरशी धरते, घडी पडून पडून थर सुटू लागतात. आखाताचे ऊन आणि दमट हवा पाहता ते फार टिकले नसते.

उरले दोन, दोन्ही डॅक्रॉनचे. डॅक्रॉन हे पॉलिस्टरचेच एक व्यापारी नाव. 1950 च्या दशकापासून त्याने सुती शिडे मागे टाकली. श्रीवर्धनच्या आजोबांच्या वेळी शीड सुती असायचे. ते ओले गुंडाळले तर कुजायचे, म्हणून पाऊस थांबला की आधी शीड वाळत घालायचे आणि मग घरची कपडे, असे घरातल्या बायका सांगत.

दोन्ही कारागिरांनी तळहाताएवढे नमुने पाठवले होते. सगळ्यांना स्वस्तातला नमुना आवडला, कारण तो पापडासारखा कडक होता. भाईजान म्हणाले, "हेच मजबूत दिसतंय." इथे भिवंडी कामाला आली. माहेरी अब्बा दुसऱ्याच्या मागावरचे कापड घेण्याआधी त्याचा कोपरा पाण्यात बुडवून चोळायचे. खळ निघून गेली की विण किती घट्ट आहे ते दिसते. विरळ कापड खळीच्या जोरावर भारी वाटते. शिडाच्या कापडाला खळीऐवजी राळेचा लेप असतो, एवढाच फरक. आम्ही दोन्ही नमुने मुठीत चुरगाळून वीस-वीस वेळा चोळले. स्वस्तातल्यावर पांढऱ्या रेषा उमटल्या आणि तो जुन्या चादरीसारखा मऊ पडला. दुसरा सुरुवातीला कमी कडक होता, पण जवळजवळ तसाच राहिला. मग दोन्ही कर्णावर, म्हणजे तिरके ओढून पाहिले. ओढणी सरळ ओढली तर वाढत नाही, तिरकी ओढली की वाढते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. पहिला वाढला आणि परत जागेवर आला नाही. समुद्रावर शिडाचे पोट वाढते ते नेमके असे.

दुसऱ्या नमुन्यात आडवा धागा उभ्यापेक्षा जाड आणि सरळ होता. हे आम्हाला उलटे वाटले. कारागिराला फोन केला तेव्हा त्याने समजावले: साध्या शिवणीच्या शिडात कापडाचे पट्टे आडवे लावतात, त्यामुळे बाण्याचा धागा मागच्या कडेला समांतर येतो, आणि सर्वांत जास्त ताण त्याच कडेवर असतो. एवढे ऐकल्यावर आमच्यापुरता प्रश्न संपला.

बाकीच्या गोष्टींवर मात्र बरेच बोलणे झाले. पूर्ण लांबीच्या पट्ट्यांनी शीड फडफडत नाही आणि उतरवताना नीट घडी बसते; पण वजन आणि घर्षण वाढते. शेवटी वरच्या दोन पट्ट्या पूर्ण, खालच्या दोन आखूड. शिवण तिहेरी, आणि दोरा उन्हाने न कुजणारा, कारण कापडाआधी दोरा जातो. त्यासाठी थोडे जास्त पडले. तिसरा रीफ भाभींनी फोनवर स्वतः सांगितला. तो बांधला की शीड निम्मेच उरते. साडूंनी आपला हिस्सा तीन हप्त्यांत द्यायचे कबूल केले. भाईजानांनी त्यांना वेळेचे बंधन घातले नाही.

मापे जुन्या शिडावरून घ्यायची नाहीत, ते ताणलेले असते, असे कारागिराने बजावले होते. म्हणून स्टीलचा टेप दोरीने डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवला आणि खालून माप वाचले. प्रत्येक माप दोघांनी वेगवेगळे घेतले आणि जुळले तरच लिहिले. शाळेत मुलांना प्रयोगवहीत लिहायला लावतो तसे.

शीड मे महिन्यात आले. वारा नव्हता अशा सकाळी धक्क्यावर बांधलेल्या बोटीवरच ते चढवून पाहिले. उन्हापासून झाकायची खोळ त्याच कारागिराकडून घेतली. भाभींनी तिसरा रीफ सगळ्यांकडून तीनदा बांधून घेतला, हातात घड्याळ धरून. पहिल्यांदा अकरा मिनिटे लागली, तिसऱ्यांदा साडेचार. चौथ्यांदा त्यांनी मुलांना बाजूला बसवले आणि आमच्या मुलाकडे घड्याळ देऊन स्वतः दोरी धरली.