चावडीवरचा कागद

उपयोजित मराठी हा विषय आमच्याकडे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थी त्याला मार्क देणारा विषय म्हणतात आणि साहित्य शिकवणारे आम्ही लोक त्याच्याकडे जरा वरूनच पाहतो. अर्जलेखन, सूचनालेखन, जाहिरात, निविदा असे त्याचे घटक. चार नमुने पाठ केले की भागते. काही वर्षांपूर्वी एका तुकडीला मी पुस्तकातल्या नमुन्यांऐवजी गावातले नमुने उतरवून आणायला सांगितले. बाजारच्या दिवशी वह्या घेऊन फिरायचे, आणि दुकानावर, भिंतीवर, खांबावर, कचेरीच्या दारावर जे जे लोकांसाठी लिहिलेले दिसेल ते जसेच्या तसे उतरवायचे. शुद्धलेखन सुधारायचे नाही, एवढी एकच अट.

आमचे गाव माणदेशातले, तालुक्याचे. पाऊस बेताचा, डाळिंब आणि शेळ्यामेंढ्यांवर चालणारा भाग. आठवड्यातले सहा दिवस गाव निवांत असते आणि सातव्या दिवशी भोवतालच्या चाळीसपन्नास वाड्यावस्त्या त्यात उतरतात. बाजार म्हणजे केवळ भाजीपाला आणि मीठमिरची नव्हे. त्याच दिवशी झेरॉक्स काढायचे, बँकेत पुस्तक भरून घ्यायचे, दवाखाना करायचा, सोनाराकडे मोडलेली बाळी टाकायची, मुलीच्या सासरचे कोणी भेटले तर खुशाली विचारायची. तहसील, पंचायत समिती, कृषी सेवा केंद्र, एसटी स्टँड हे सारे एका फर्लांगात असल्यामुळे खरेदी आणि सरकार ही दोन्ही कामे एकाच पिशवीत मावतात.

मुलांनी आणलेल्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. दुकानांच्या पाट्यांपुरते बोलायचे तर मराठी पाट्यांच्या सक्तीचा आमच्या गावाला प्रश्नच पडलेला नाही. २०२२ साली राज्याने कायदा सुधारून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी पाटी बंधनकारक केली, आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमची बाजारपेठ आधीपासून देवनागरीतच होती. फक्त त्या देवनागरीत 'शॉपी', 'कलेक्शन', 'ट्रेडर्स', 'लेडीज टेलर' असे शब्द होते. शुद्धतावाद्यांना हे खुपेल. पण 'शॉपी' हा शब्द ज्या अर्थाने आपल्या तालुक्यातालुक्यांत रुजला आहे तो इंग्रजीचा राहिलेला नाही. तो आपलाच, निमशहरी मराठीचा शब्द आहे. त्यात थोडी हौस आहे, थोडी नव्याची ओढ आहे आणि कर्ज काढून टाकलेल्या काचेच्या दाराचा अभिमानही आहे.

वर्गात आम्ही या पाट्यांतली क्रियापदे वेगळी काढली. 'येथे पिको-फॉल करून मिळेल.' 'जुन्या बॅटरी बदलून मिळतील.' 'सातबारा, आठ अ, उत्पन्नाचा दाखला काढून मिळेल.' एका मुलीच्या लक्षात आले की यातल्या एकाही वाक्यात करणारा कोण ते सांगितलेले नाही. मग कचेऱ्यांतल्या सूचना काढल्या. 'कळविण्यात येते की.' 'कार्यवाही करण्यात येईल.' 'विचार केला जाणार नाही.' इथेही कर्ता गायब. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही जवळजवळ सारखीच आणि तरी एक वाक्य बोलावते, दुसरे हटकते. असे का, यावर त्या दिवशी वर्गात बरीच चर्चा झाली. पिको-फॉल करणारा समोरच मशीनवर बसलेला असतो; त्याचे नाव पाटीवर नसले तरी बिघडत नाही. कार्यवाही करणारा मात्र समोर नसतो. तो मीटिंगला गेलेला असतो, दुसऱ्या सजाचा अतिरिक्त कार्यभार पाहत असतो, किंवा असून दिसत नसतो. वाक्यातून गेलेला कर्ता खुर्चीतूनही गेलेला असेल तर वाचणाऱ्याने कोणाकडे जावे?

खताच्या दुकानातला फळा हा आणखी वेगळा नमुना. खतांचा शिल्लक साठा आणि भाव दर्शनी भागात लावणे १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे बंधनकारक आहे. त्यामुळे ४५ किलोच्या युरियाच्या गोणीचा २६६ रुपये ५० पैसे हा भाव खडूने नीट लिहिलेला असतो. हंगामात फळा 'शिल्लक' म्हणतो आणि दुकानदार 'संपला' म्हणतो, किंवा सोबत दुसरी बाटली घ्यावी लागेल असे सुचवतो, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही. लिहिलेला शब्द तपासनिसासाठी आणि बोललेला शब्द गिऱ्हाइकासाठी, अशी ही वाटणी आहे. माणसे फळ्याकडे न पाहता सरळ गल्ल्याकडे जातात, ती निरक्षर असतात म्हणून नव्हे. त्यांना नीट वाचता येते. कुठला मजकूर आपल्यासाठी लिहिलेला नाही हेही त्यांना कळते.

या गावात सर्वांत जास्त वाचला जाणारा फलक कोणता, असे मी मुलांना विचारले होते. उत्तर एकमुखाने आले: चौकातला भावपूर्ण श्रद्धांजलीचा. फोटो, नाव, दशक्रियेची तारीख आणि वेळ, खाली शोकाकुल असणाऱ्यांची नावे. एवढ्या मजकुरात कोण, केव्हा, कुठे आणि आपण काय करायचे हे सारे येते. सायकलवरून जाणारा माणूस पाय टेकून तो वाचतो आणि पुढच्या वस्तीवर जाऊन सांगतो. उत्तम सूचनालेखनाचा धडा घ्यायचा तर तो इथून घ्यावा.

याच्या दुसऱ्या टोकाला चावडीवरचा कागद आहे, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

जमिनीच्या नोंदीत बदल करायचा झाला की तलाठी (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, बाजारात तो तलाठीच आहे) फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद घालतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची पूर्ण प्रत त्याच वेळी चावडीत ठळक जागी लावायची असते आणि अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना लेखी कळवायचे असते. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

यातले 'अभिलेखावरून दिसतो' हे शब्द बारकाईने वाचण्यासारखे आहेत. ज्याचे नाव कागदोपत्री आहे त्याच्या घरी नोटीस जाते. ज्याचे नाव कुठेच नाही, पण असायला हवे होते, त्याच्यासाठी फक्त ती चावडीची भिंत उरते. म्हणजे तो डकवलेला कागद, विचार केला तर, मुख्यतः त्याच माणसासाठी असतो ज्याचे नाव त्या कागदावर नाही.

भाजीबाजारात एका कोपऱ्यात बसून पालेभाजी विकणाऱ्या एका आक्कांकडून आम्ही बरीच वर्षे मेथी-शेपू घेतो. एका बाजारी त्यांनी मला थांबवले आणि शेजारी उभ्या असलेल्या तरुणाच्या मोबाइलकडे बोट केले. "सर, हे जरा बघा की. काय लिवलंय?" तो त्यांच्या चुलतभावाचा मुलगा, माहेरच्या गावाहून शेळ्या घेऊन आलेला. मोबाइलवर चावडीतल्या नोटिशीचा फोटो होता. आक्कांचे वडील वारल्यानंतर वारसनोंदीचा फेरफार धरला गेला होता. वारस म्हणून आई आणि दोन भाऊ. गट नंबर, क्षेत्र, आकार, सारे बरोबर. चौथ्या वारसाचा, म्हणजे माझ्याशी बोलत असलेल्या बाईंचा, उल्लेख नव्हता.

मी मजकूर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हंजे माझं काय न्हाई त्यात?" मी म्हणालो, "तुमचं नाव नाही, तेच तर आहे त्यात." साहित्याच्या वर्गात आपण शब्दांमधल्या मोकळ्या जागा वाचायला शिकवतो. इथे त्या मोकळ्या जागेची किंमत एकरांत मोजता येत होती आणि तिला मुदत होती. मुलीचा वाटा आमच्या राज्याने १९९४ सालीच मान्य केला. २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर झाला आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही. कायद्याच्या बाजूने सारे होते. फक्त चावडी वीस किलोमीटरांवर होती, आणि सासरी नांदणारी मुलगी माहेरच्या चावडीसमोर उभी राहून भिंत वाचत नसते.

बातमी त्यांना कशी लागली, ते महत्त्वाचे आहे. आधीच्या बाजाराला गावाकडच्या एका बाईने मिरच्या घेताघेता सहज विचारले होते, "तुझं नाव लावलं न्हाई व्हय?" दुसऱ्या बाजाराला फोटो आला. पंधरा दिवसांत दोन बाजार बसतात. कायद्याची मुदत आणि बाजाराचा फेरा यांचा असा मेळ कोणी ठरवून घातलेला नाही, पण त्या मेळावर एका बाईचा वाटा तगला. दुसऱ्या दिवशी त्या तलाठ्याकडे गेल्या. हरकत तोंडी घेतली तरी चालते आणि तिची लेखी पोच तत्काळ द्यावी लागते, असे त्याच कलमात आहे. ते त्यांना सांगून ठेवले होते. पोच मिळाली. विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत नोंद झाली, सुनावण्या झाल्या, काही महिन्यांनी सातबाऱ्यावर नाव लागले. त्या वर्षी भाऊबीजेला त्या माहेरी गेल्या नाहीत, असे पुढे कळले. पुढच्या वर्षीचे मी विचारले नाही.

हे सांगताना जुन्या दवंडीची आठवण काढून उसासे टाकण्याचा मोह होतो. कागद मुका, दवंडी बोलकी. ती प्रत्येक दारापर्यंत जात होती, वगैरे. माणदेशातल्या माणसाने तरी हा मोह टाळावा. आटपाडीचे शंकरराव खरात यांच्या आत्मचरित्राचे 'तराळ अंतराळ' (१९८१) हे नावच गावकामाच्या त्या पाळीवरून आले आहे. हाक देणे, निरोप पोचवणे, लोकांना चावडीवर बोलावणे ही महार वतनदारांवर जन्माने लादलेली कामे होती. सरकारची सूचना ज्या आवाजातून घरोघर जाई, त्या आवाजाला स्वतःचे म्हणणे मांडायला चावडीची पायरीही चढता येत नव्हती. हे वतन म्हणजे वेठ आहे, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही वतने प्रत्यक्षात संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. दवंडी पोचत होती, कारण एका जातीचे पाय फुकट राबत होते. ती परत यावी असे कोणीही म्हणू नये. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. हाक देणारा माणूस हटला, ते योग्यच झाले. त्यानंतर पोचवण्याची जबाबदारी मात्र व्यवस्थेने स्वतःकडे न घेता हळूच वाचणाऱ्याकडे ढकलली. 'मुदतीत हरकत न आल्यास कोणाची हरकत नाही असे समजण्यात येईल' या वाक्याचा अर्थ तोच आहे. डकवले म्हणजे वाचले, आणि गप्प राहिले म्हणजे मान्य केले.

आता फेरफाराच्या नोटिसा संकेतस्थळावरही दिसतात. त्या सोयीला सरकारने 'आपली चावडी' असे नाव दिले आहे. नाव सुरेख आहे, आणि सोयही खरी आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला तिथून गावचा फेरफार पाहता येतो. मात्र जिल्हा, तालुका, गाव निवडून शोधायचे, तर आपल्याबाबत काही घडते आहे अशी शंका आधी यावी लागते. पडदा शोधणाऱ्याला उत्तर देतो, बेसावध माणसाला हाक मारीत नाही. भिंतीची मूळ उणीव पडद्यावरही तशीच राहिली आहे.

म्हणून त्या तुकडीच्या अखेरच्या तासाला मी मुलांना नमुना पुन्हा लिहायला दिला. गट नंबर, क्षेत्र, कलम काहीही वगळायचे नाही. फक्त ज्याचे नाव कागदावर नाही त्याला उद्देशून एक वाक्य घालायचे. सर्वांत चांगले वाक्य एका मेंढपाळाच्या मुलाने लिहिले. ते असे: 'वर दिलेल्या नावांत तुमचे, तुमच्या बहिणीचे किंवा आत्याचे नाव असायला हवे होते असे वाटत असेल, तर अमुक तारखेपर्यंत तलाठ्याला येऊन तोंडी सांगा आणि पोच घेऊन जा.' यात कर्ता आहे, मुदत आहे, जागा आहे. शिवाय बहीण आणि आत्या आहेत, आणि अशा कागदांतून नेमक्या त्याच सुटतात.

एवढे एक वाक्य छापील नमुन्यात घालायला आणि त्या आठवड्याचे फेरफार बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवायला फार मोठा खर्च येणार नाही. घंटागाडीवर ओला कचरा आणि सुका कचरा यांचा फरक आम्ही रोज सकाळी ऐकतोच. सजावार याद्या वाचायला तास-दीड तास लागेल. त्या दिवशी सगळ्या गावांच्या लेकी बाजारात असतात.