परसातलं काश्मीर

माझा आणि शाखांचा संबंध तसा जुना. वाणिज्य शाखेतून पदवी घेतली, बँकेच्या शाखेत चिकटलो, आणि चाळिशी उलटल्यावर तिसरी शाखा धरली ती सफरचंदाची. तीही कुठं, तर राधानगरीत! पावसाळ्यात वाळत घातलेला शर्ट इथं दिवाळीला उतरवतात.

पण त्याला कारण होतं. आमच्या घरी सफरचंद हे फळ नव्हतंच, ते आजाराचं लक्षण होतं. पेरू परसातला, जांभूळ रानातलं आणि सफरचंद दवाखान्यातलं! कुणी आडवं पडल्याशिवाय ते घरात यायचं नाही. वडील शेवटचे कोल्हापूरला दवाखान्यात होते, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण किलोभर घेऊन आला. वडील गेले, पिशव्या घरी परत आल्या. तेव्हापासून आईनं सफरचंदाला हात लावला नाही. मी कधी आणलंच तर विचारायची, "मला काय झालंय?"

तेव्हा ठरवलं, घरीच पिकवायचं.

नेहमीच्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी हजारभर तास लागते. म्हणजे मिनिमम बॅलन्स! तेवढा नसला की झाड व्यवहार करत नाही. आमच्याकडे एवढी थंडी फक्त साहेबांच्या केबिनमध्ये. पण हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्याच्या हरिमन शर्मांनी परसात उगवलेल्या एका रोपावरून 'एचआरएमएन-९९' ही जात तयार केली. ती उष्ण मुलखातही फळते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. थोडक्यात, हे झिरो बॅलन्सचं खातं. मी लगेच एक कलम मागवलं.

मुळाशी पाणी साचू नये म्हणून तांबड्या मातीचा उंचवटा केला. शेजारचे आबा कुंपणावरून म्हणाले, "कुणाला पुरलंय वो?" सफरचंद लावलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं. दाजीपूरच्या गव्यानं काश्मीर बघितलं न्हवतं, त्येची सोय झाली बघा."

शाहू महाराजांच्या धरणाचे सात दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात. माझ्या झाडाची एक कळी दोन वर्षं उघडली नाही. मग कळलं, की डिसेंबरात पानं हातानं खुडायची, म्हणजे झाडाला हिवाळा आल्यासारखं वाटतं. मी स्टुलावर उभा राहून पानं खुडत होतो. सौ. म्हणाली, "मुक्या झाडाला फसवताय?" मी म्हटलं, "मार्चअखेरीला आकडे जुळवतो, तसा डिसेंबरअखेरीला हिवाळा जुळवतोय."

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत गुलाबी-पांढरी फुलं आली. पुढं चार फळं धरली. एक वानरानं नेलं, दोन वळवानं पाडली. उरलेल्या एकाला मी कापडी पिशवी बांधली आणि रोज ऑफिसला जाताना कॅश मोजावी तसं ते एक मोजत राहिलो.

जूनमध्ये, पाऊस धरायच्या आत, ते उतरवलं. मोठ्या लिंबाएवढं होतं. आईपुढं ठेवलं. ती बराच वेळ नुसती बघत राहिली.

"कुणी दिलं?"

"परसातलं आहे."

तिनं विळी ओढली, चार फोडी केल्या. एक वडिलांच्या फोटोपुढं ठेवली, एक तोंडात टाकली आणि डोळे गच्च मिटले. मी श्वास रोखून उभा.

"आंबट आहे रे," ती म्हणाली. "आजारी माणसाला चालायचं नाही."

आणि तिनं मिठाची वाटी पुढं ओढून दुसरी फोड उचलली.