बँकर

मोटार ठेवावी की बदलावी, हा प्रश्न मोटार घेताना कुणालाच पडत नाही. तो पंधरा वर्षांनी पडतो, आणि तोही आधी सरकारला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची गाडी २०१० सालची. २०२५ उजाडलं आणि नोंदणीच्या कार्डावरची तारीख, उसने पैसे मागायला आलेल्या पाहुण्यासारखी, आमच्याकडे टक लावून बघायला लागली.

गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. पंधरा वर्षं ठाकुरवाडीच्या रस्त्यावर काढल्यावर गाडीत कंपनीचं असं फारसं काही उरत नाही. बाकी सगळं मेस्त्रीचं असतं.

कुठली ठाकुरवाडी, असं विचाराल. कर्जत-खालापुराकडे डोंगराच्या कुशीत ठाकर मंडळींची वस्ती असली की ती ठाकुरवाडी, त्यामुळे एक शोधायला निघालात तर दोन-चार सापडतील. बोरघाटात रेल्वेचीसुद्धा एक ठाकुरवाडी आहे. आमची म्हणाल तर जिथे आमच्या गाडीचा सेल्फ सकाळी लागत नाही, ती.

सेल्फ लागत नाही, पण तोवर वाडीतली तीन पोरं दप्तरं घेऊन खाली उतरलेली असतात. "काका, ढकलू का?" मी सेकंड गिअर टाकून क्लच दाबून बसतो, पोरं मागून जोर लावतात, वेग आला की क्लच सोडायचा. गाडी खोकते, मग चालू होते, आणि पोरं आत बसतात. शाळा बँकेच्या वाटेवरच आहे. धक्क्याचं भाडं धक्क्यातच वळतं.

कर्जत स्टेशनात पुण्याकडे निघालेल्या गाडीलाही मागून जादा इंजिनं लावतात. पुढे ३७ फुटांना एक फूट असा घाटाचा चढ आहे. तेवढ्यात प्रवासी बटाटेवडा खाऊन घेतात. या मागून ढकलणाऱ्या इंजिनाला रेल्वेत म्हणतात 'बँकर'. मी वीस वर्षं बँकेत कारकून आहे, मला कुणी कधी बँकर म्हटलं नाही. ही पोरं चौथी-पाचवीतच बँकर झाली!

असो. मी पडलो बी. कॉम. माणूस. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली आणि हिशेबाला बसलो. ठेवायची तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. तिची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. वर पर्यावरण कर. गेल्या वर्षीची दुरुस्ती बावीस हजार. विम्याचं म्हणाल, तर पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत मालकाने आणि विमा कंपनीने आपसात ठरवायची असते. त्यांनी आकडा सांगितला, मी ऐकला. आपसात ठरलं.

बदलायची तर लहान गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता, ही जमेची बाजू. पण पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षं मुदत, म्हणजे महिन्याला ८,०४५ रुपये. वर्षाला साडेशहाण्णव हजार! एवढ्यात आमचा मेस्त्री चार वर्षं सुखात राहील. जुनी गाडी सरकारमान्य भंगार केंद्रात दिली तर तशाच नव्या गाडीच्या शोरूम-किमतीच्या चार ते सहा टक्के मिळतात. कॉलेजात आम्हाला घसाऱ्याची घटत्या शिलकीची पद्धत शिकवली होती. दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्केवारी काढायची. किंमत घटत जाते, पण शून्य कधीच होत नाही. आमच्या गाडीवरचा माझा जीव याच पद्धतीचा.

वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. 'ठेवायची' असा निकाल लाल शाईत लिहिला होता. सौ.ने पोळी उलटत उलटत पान वाचलं.

"गाडीचा खर्च कळला," ती म्हणाली. "माणसांचा रकाना कुठाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे जूनमध्ये आपली लेक अठराची होतेय. ती याच गाडीवर शिकणार. आईंना डोळे दाखवायला पनवेलला नेता, त्या पुढच्या सीटवर बसतात. समोर ट्रक थांबला तर आईंच्या पुढ्यात काय आहे? गणपती."

गणपती आहे हे खरं. एअरबॅग नाही, हेही खरं. एबीएस आणि चालकाची एअरबॅग सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली २०१९ साली. शेजारच्या माणसाची त्यानंतर. आमच्या गाडीच्या जन्मी ती चैन होती. आणि रेल्वेचंच बघा. घाट चढताना मागून धक्का घेण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, पण उतरणारी गाडी ब्रेक तपासायला वाटेत थांबवतात. सेल्फ लागत नाही म्हणून गाडी विकायचं कारण नव्हतं. पोरं होती. पण ब्रेक लागायच्या वेळी मागून ढकलणारा कुणी कामाचा नसतो.

मी लाल शाईवर काट मारली. वीस वर्षांत अशी काट मारताना बाजूला सही करायची सवय झाली आहे, तीही केली.

नवी गाडी आली. वाडीतली पोरं भोवती फिरली, चाकं बघितली. मधला म्हणाला, "काका, ही ढकलाया लागत नाय?"

"नाही रे."

"मग आमाला शाळंत कोण सोडल?"

पुढच्या सकाळी मी गाडी चालू करून दार उघडून उभा राहिलो. एकही पोरगं आत येईना. शेवटी धाकटा म्हणाला, "फुकट बसाया बरं नाय वाटत."

मग तोड निघाली. मी गिअर काढतो, ब्रेक सोडतो, पोरं दहा पावलं गाडी ढकलतात आणि हात झटकून आत बसतात. बेल्ट लावल्याशिवाय मी निघत नाही. डिकीवर सहा हातांचे ठसे उठतात. शेजारचे म्हणतात, "नवीन घेतलीत, तरी धक्काच?"