वऱ्हाडातील वर्गाचे वर्ष

विदर्भातील प्राथमिक शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. तिकडे जूनच्या मध्यास घंटा वाजते. अमरावती-अकोल्यात जून संपत आल्यावर, कारण तोवर पत्र्याच्या वा स्लॅबच्या खोलीत मूल बसवणे धोक्याचे असते. त्याच सुमारास पेरणी चालू असते. आईवडील वावरात, घरी म्हातारी माणसे, आणि पहिलीत आलेले मूल शाळेच्या दारात. पुस्तके, गणवेश, फुले, औक्षण असा प्रवेशोत्सव होतो. तो एका सकाळी आटोपतो. खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. कागदावर हे दिवस सारखे असतात, वऱ्हाडात ते तसे नसतात. जुलै ते दिवाळी हा शिकण्याचा भरघोस काळ. दिवाळीनंतर कापूस वेचणी हजेरी खाते आणि मार्चपासून ऊन दिवस तोडते. दिवाळीआधी वाचता येऊ लागलेले मूल पुढे पंधरा दिवस शाळेत आले नाही तरी सावरते; ज्याला अक्षरांची ओळखच पक्की झालेली नाही ते दर गैरहजेरीनंतर पुन्हा पहिल्या पायरीवर येते. म्हणून इथल्या शिक्षकाने वार्षिक नियोजन सारख्या मापाच्या महिन्यांत वाटू नये. भार आधी घ्यावा.

पहिले दोन-तीन आठवडे बोलण्याचे. मूल घरून वऱ्हाडी घेऊन येते: मले, तुले, काऊन, हाय. ते पहिल्याच दिवशी खोडले तर मूल गप्प होते, आणि गप्प मुलाला वाचायला शिकवणे फार अवघड. अनुभवी शिक्षक सकाळी मुलांना कालची बातमी विचारतात आणि एक वाक्य, मूल बोलले तसेच, फळ्यावर लिहितात. ‘आमच्या गाईले गोऱ्हा झाला.’ शिक्षक बोट फिरवत वाचतात, मग ते मूल वाचते, मग सगळा वर्ग. ‘गा’ आणि ‘गो’ यांच्या खुणा तिथेच दिसतात. त्या वाक्यातला ‘ग’ कुठल्याही तक्त्यावरच्या गवतातल्या ‘ग’पेक्षा मुलाच्या जवळचा असतो, कारण गाय त्याची आहे. आठवडाभराने त्या वाक्याखाली पुस्तकातले रूप लिहिले की दोन्ही शेजारी-शेजारी राहतात आणि कोणतेही चूक ठरत नाही. मेळघाटातल्या, म्हणजे चिखलदरा-धारणीच्या, कोरकू मुलांची गोष्ट निराळी. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. तिथे मराठी दुसरी भाषा म्हणूनच शिकवावी लागते, आणि त्याला लागणारा वेळ द्यायलाच हवा.

श्रावण सरताना पोळा येतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात वर्गात काळ्या मातीचे बैल व्हावेत, केवळ सण म्हणून नव्हे. माती मळताना बोटांना जो जोर येतो तो पेन्सिल धरायला लागतोच. बैल वाळला की पाठीवर तडा जातो. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून हे होते. मुलांनी दुसऱ्या बैलाच्या मातीत बारीक कुटार मिसळून पाहावे; तो बहुधा टिकतो. हीच माती उन्हाळ्यात वावरात हातभर भेगा पाडते, हे मुलांना आधीच माहीत असते. वर्गात फक्त ते दोन अनुभव एकमेकांजवळ आणायचे असतात. त्या एका कामात भाषा, हस्तकला आणि परिसर अभ्यास तिन्ही होतात, आणि वर्गातला सर्वांत अबोल मुलगाही आपल्या बैलाचे नाव सांगतो.

गणितासाठी विकतचे साहित्य फारसे लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ तारा मोडक लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिल्या. पुढे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला आणि नंतर बोर्डी-कोसबाडला त्यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर त्यांचा भर होता. वऱ्हाडात त्या वस्तू म्हणजे चिंचोके, सरकी आणि तुऱ्हाट्या. तुऱ्हाटीच्या सारख्या लांबीच्या काड्या तोडून दहा-दहाच्या जुड्या बांधाव्यात. जुडी सोडायची, पुन्हा बांधायची. सत्तेचाळीस म्हणजे चार जुड्या आणि सात सुट्या, हे हाताला कळायला दोन महिने लागले तरी घाई करू नये. मराठी संख्यानामांत एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी; त्यामुळे सत्तेचाळीस ऐकून चौऱ्याहत्तर लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने ‘चाळीस सात’ अशी जोड वाचनपद्धती दिली तेव्हा राज्यभर वाद झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली होती. वर्गात काम करणाऱ्याला त्या पद्धतीचे मोल लगेच कळते. चार जुड्या हातात धरून मूल ‘चाळीस सात’ म्हणते आणि मग सत्तेचाळीस. रूढ नाव पुसले जात नाही, त्याला आधार मिळतो.

दुपारची सुट्टी हीसुद्धा वर्गाचाच भाग. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य धरले जाते. खिचडी शिजण्याचा वास आला की लक्ष उडते, म्हणून अवघड वाचन सकाळच्या पहिल्या तासाला आणि गाणी, चित्र, गोष्ट जेवणानंतर हा क्रम उत्तम.

ऑक्टोबरमध्ये संकलित मूल्यमापनाचे पहिले सत्र होते, मग दिवाळीची सुट्टी. सुट्टीनंतर वर्ग अर्धा भरतो. बोंडे फुटलेली असतात, वेचणीला माणूस मिळत नाही. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. मेळघाटातून कुटुंबेच्या कुटुंबे कामासाठी मैदानात उतरतात आणि होळीला परततात, कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. या दिवसांत पालकाला दोष देऊन काही साधत नाही. संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर जाऊन बोललेले जास्त कामी येते. जे मूल येते त्याला नवा घटक न शिकवता वाचनाचा सराव द्यावा, आणि जे आले नाही त्याचा कुठला भाग बुडाला ते नावासमोर लिहून ठेवावे. हे लिहिणे कंटाळवाणे आहे. पण जानेवारीत त्याच्याशिवाय काहीच जुळत नाही.

डिसेंबर-जानेवारी खेळ, स्नेहसंमेलन आणि सहलीचे. २० डिसेंबर हा गाडगेबाबांचा पुण्यदिन. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने हातात खराटा घेतला आणि कीर्तनातून लोकांकडे पोरांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. त्या दिवशी आवार झाडणे ठीकच, पण झाडण्याआधी कचरा मुलांनी वेचून वेगळा करून मोजला तर तक्ता तयार होतो: प्लॅस्टिक किती, पाने किती. सहल बाळापूरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री अशा जवळच्या ठिकाणी न्यावी. चौथीची मुले तटाची उंची आपल्या सावलीच्या मापाने अंदाजू शकतात. परतल्यावर कागद-पेन्सिल दिली नाही तर सहलीतून फक्त बसच्या खिडकीची आठवण उरते.

मार्चपासून सकाळची शाळा. साडेदहाच्या पुढे वर्गात बसवत नाही, म्हणून तास कमी आणि काम नेमके. या दिवसांतला एक प्रयोग खारपाणपट्ट्यातल्या गावांसाठीच जणू आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या भागात, विहिरी-बोअरचे पाणी खारे. एका स्टीलच्या ताटलीत ते पाणी, दुसऱ्या ताटलीत नळयोजनेचे; दोन्ही उन्हात ठेवायच्या. शाळा सुटेपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत पाणी उडून जाते आणि पहिल्या ताटलीत पांढरा थर दिसतो. आई रोज लांबून पाणी का आणते, याचे उत्तर तिसरीच्या मुलाला बोटाने चाखून मिळते. बाष्पीभवन हा शब्द त्यानंतर सांगावा.

एप्रिलमध्ये दुसरे संकलित मूल्यमापन आणि साधारणपणे १ मे रोजी निकाल. पालक श्रेणी पाहतात. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला मात्र वर्णनात्मक नोंदी लागतात, आणि त्या ‘वाचनात रस घेतो’ अशा कुणालाही लागू पडणाऱ्या नसाव्यात. ‘जोडाक्षरे नसलेला उतारा न अडखळता वाचतो, हातच्याची बेरीज काड्यांनी करतो, काड्यांविना अडतो, नोव्हेंबर-डिसेंबर गावाबाहेर होता.’ एवढ्या तीन ओळी प्रत्येक मुलासाठी लिहिल्या, वाचायला गोष्टीची दोन पुस्तके सुट्टीत घरी दिली आणि जुड्यांचा डबा कुलूपबंद कपाटात ठेवला की वर्गाचे वर्ष पुरे होते.