चाक दाबावर उभं असतं

उद्यमनगर, कोल्हापूर
रविवार, रात्री

चि. ओंकार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाडीचे फोटो ताईच्या मोबाइलवर पाहिले. ऑक्टाव्हिया आरएस २४५! २०२० साली अशा फक्त २०० गाड्या भारतात आल्या, त्यातली एक तू धुंडाळून घेतलीस. नाद करावा तर असा. मनापासून आनंद झाला. पण पुढे तू लिहिलंयस, ‘मामा, चाकं फार आत बसल्यासारखी दिसतात, लेथवर २० मिलिमीटरचे चार स्पेसर काढून द्या.’

फोनवर नाही म्हटलं असतं तर तू ते बाजारातून आणले असतेस आणि एखाद्या पंक्चरच्या दुकानात एअर गननं आवळून घेतले असतेस. म्हणून सविस्तर लिहितो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला मी जीपची मागची चाकं आणि हब यांच्यामध्ये घालायला अशाच दोन चकत्या करून दिल्या होत्या. साधी लोखंडी प्लेट, गोल कापली, पाच भोकं पाडली, झालं. चाक मध्यावर बसवणारी कड मी घेतली नाही. स्टड मूळचेच ठेवले, त्यामुळे चकतीच्या जाडीएवढे आटे नटाला कमी मिळाले. दोन महिन्यांनी तो फोंडा घाटातून परत आला तेव्हा एका चाकाचे पाचपैकी तीन स्टड तुटलेले होते. कोणाला इजा झाली नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यातला एक तुकडा अजून माझ्या लेथच्या फळीवर आहे. उजेडात धरला की तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानदार रेघा दिसतात, आणि एका कोपऱ्यात थोडासा खडबडीत, चमकता भाग. म्हणजे तो एका दणक्यात गेला नाही. रोज केसभर चिरत गेला, आणि शेवटी उरलेला कोपरा घाटात तुटला.

असं का होतं, एवढं समजलं की बाकी सगळं आपोआप कळेल. आपल्याला वाटतं, खुंटीला पिशवी टांगावी तशी गाडी बोल्टांवर टांगलेली असते. तसं नसतं. बोल्टाचं काम चाकाला हबवर दाबून धरायचं. तुझ्या गाडीचा एम १४ बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळला की ढोबळ हिशोबानं चार टनांचा दाब येतो. पाच बोल्ट म्हणजे वीस टन. एवढ्या दाबानं दोन तोंडं एकमेकांना भिडतात आणि त्यांच्या घर्षणावर गाडी उभी राहते. हा दाब टिकला तर चाकाचा प्रत्येक फेरा बोल्टाला फारसा जाणवतही नाही. दाब ढिला पडला, की तोच बोल्ट प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो. तुझं चाक एका फेऱ्यात साधारण दोन मीटर जातं. पुण्याहून कोल्हापूरला येईपर्यंत एक लाखाहून जास्त फेरे. पोलाद कितीही चांगलं असो, एवढ्या वेळा वाकवलं तर थकणारच.

स्पेसर घातला की एका सांध्याचे दोन सांधे होतात. दाब निसटायच्या जागा वाढतात. त्या बंद करणं म्हणजेच स्पेसर नीट बसवणं.

पहिली जागा हबचं तोंड. चाक काढलंस की तिथे तांबूस गंजाची पापडी दिसेल, भोकांच्या काठाला फुगवटा असेल. ती पापडी मध्ये राहिली तर आवळताना सगळं घट्ट लागतं, आणि शंभर किलोमीटरमध्ये तिचा भुगा होऊन दाब उतरतो. वायर ब्रश, मग बारीक पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. नखानं चाचपून बघ, कुठे अडकता कामा नये. चाकाच्या आतल्या तोंडावरचा रंगाचा ओघळही काढ.

दुसरी जागा मध्य. तुझ्या हबचं नाक ५७.१ मिलिमीटरचं आहे. स्पेसर त्यावर बिनखेळ बसला पाहिजे, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला पुन्हा तसंच ५७.१ चं नाक असलं पाहिजे, म्हणजे चाक मध्यावर येतं. इथे पातळ स्पेसर फसवतो. पाच-सात मिलिमीटरचा तुकडा हबचं बरंचसं नाक गिळतो आणि स्वतःचं नाक द्यायला त्याच्याकडे जाडी नसते. मग स्टिअरिंग थरथरतं आणि दोष बॅलन्सिंगवर जातो. नाकावर गंजरोधक ग्रीसचा पुसटसा हात फिरव, नाहीतर पावसाळ्यानंतर स्पेसरचं ॲल्युमिनियम हबच्या लोखंडाला असं चिकटतं की हातोड्याशिवाय सुटत नाही. पण ते ग्रीस सपाट तोंडावर आणि आट्यांवर अजिबात नको. आटे तेलकट असले की त्याच १२० ला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

तिसरी जागा बोल्ट. स्पेसर जितका जाड तितकाच बोल्ट मूळच्यापेक्षा लांब हवा, आणि त्याचं डोकं मूळ बोल्टासारखंच, म्हणजे गोलाकार बसकणीचं. बाहेरच्या अलॉय चाकांना बहुधा शंकूच्या आकाराचे बोल्ट लागतात. ते तुझ्या मूळ चाकात घातलेस तर नुसते कडेला टेकतील. आधी मूळ बोल्ट हातानं फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते मोज. स्पेसरसकट नवा बोल्टही किमान तेवढे फेरे आत गेला पाहिजे. फार लांब असेल तर मागे काही घासत नाही ना, तेही चाक हातानं फिरवून ऐक.

आवळायचं ते हातानं सुरू करून, एकाआड एक बोल्ट घेत, आणि शेवटचं टॉर्क पान्यानं. मग पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून, चाकं गार झाल्यावर पुन्हा तपासायचं. नवी तोंडं एकमेकांत थोडी बसतात आणि दाब उतरतो, म्हणून ही दुसरी फेरी चुकवायची नाही. एकावर एक दोन स्पेसर तर कधीच घालायचे नाहीत.

आता २० मिलिमीटरबद्दल. चाक किती आत बसतं हे सांगणारा ‘ईटी’ असा आकडा चाकावर आतून कोरलेला असतो. तो ५१ असेल आणि २० चा स्पेसर घातलास तर ३१ होतो. म्हणजे चाक बाहेर येतं, बेअरिंगवरचा वाकडा भार वाढतो आणि स्टिअरिंगला रस्त्याचे झटके जास्त लागतात. २४५ घोड्यांची ताकद पुढच्या दोनच चाकांवर येते, तिथे हे लगेच जाणवतं. इंजिनिअरांनी ते माप उगाच ठरवलेलं नाही. शिवाय चार माणसं आणि सामान भरून स्पीडब्रेकरवर मडगार्डची कड टायर कापते का, हे गाडी उभी असताना कळत नाही. म्हणून पुढे हात लावू नकोस, मागे फार तर १० ते १५, तेही मोजून.

स्पेसर म्हणजे पाप आहे, असं माझं म्हणणं नाही. पोर्शनं ९११ च्या काही मॉडेलांना ५ मिलिमीटरचे स्पेसर लांब बोल्टांसह स्वतःच दिले. जर्मनीत मान्यतेचा कागद असलेलाच स्पेसर चालतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांवर बंधनं घालतं. म्हणून आधी आरटीओत विचार आणि विमा कंपनीला लेखी कळव. लपवून केलेला बदल क्लेमच्या दिवशी बाहेर येतो.

आणि माझ्या लेथवर मी ते करणार नाही. मला माप काढता येतं, मायक्रॉनमध्ये येतं. पण हाती आलेल्या ॲल्युमिनियमच्या गोळ्यात आत काय आहे, हे मला दिसत नाही. फोर्ज केलेला, तपासलेला, तुझ्या हबच्या मापाचा स्पेसर विकत घे. तेवढे पैसे नसतील तर थांब. गाडी आहे तशीच देखणी आहे.

पुढच्या शनिवारी ये. काही विकत घेऊ नकोस, नुसता गाडी घेऊन ये. मागचं एक चाक काढू, हब साफ करू, नाक व्हर्नियरनं मोजू आणि बोल्टाचे फेरे तुझ्या हातानं मोजू. तो जीपचा तुकडाही दाखवीन. उजेडात धर, रेघा बघ, आणि मग किती मिलिमीटर ते तूच ठरव.

ताईला नमस्कार सांग. घाटात सावकाश.

तुझा,
मामा

ता. क. डिकीत मूळ बोल्टांचा संच कायम ठेव. स्टेपनी स्पेसरशिवाय बसवायची वेळ आली, तर लांब बोल्ट तिथे चालणार नाहीत.