दुधाचं पुस्तक आणि आमचं कालनिर्णय



पाऊस काही उघडत नाही. बागेत ट्रॅक्टर घालायची सोय नाही, गोड्या छाटणीचं कुणाचंच ठरत नाही. चार दिवस ओट्यावर बसून आहे, म्हणून आज फवारणीची नोंद नाही, दुसरंच लिहितो.

परवा भावकीतल्या एका पोराने विचारलं, "नाना, शेती धंदा म्हणून करायची तर कोणतं पुस्तक वाचू?" मी एकच नाव सांगितलं. 'माझंही एक स्वप्न होतं'. वर्गीस कुरियन यांचं. मूळ इंग्रजी, सुजाता देशमुखांनी मराठीत आणलंय. पोरगं म्हणालं, "नाना, हे तर अमूलवाले. आपल्याकडे दोन तर गाया." म्हटलं, घेऊन जा, मग बोल.

मी स्वतः दहावी झालो आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं औषधाच्या बाटलीवरचं लेबल आणि पेपरातले बाजारभाव एवढंच वाचन. सवय लागली ती ओझरजवळ दहाव्या मैलावर. तिथलं आजींचं पुस्तकांचं हॉटेल तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. मिसळ येईपर्यंत हाताला लागेल ते चाळायचो. कधी कधी मिसळ गार व्हायची. कुरियनचं पुस्तक मात्र भाच्याने नाशिकहून आणून दिलं.

हा माणूस आणंदला आला १९४९ साली, तोही मनाविरुद्ध. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकला होता, त्या करारापोटी सरकारने धाडलं. इंजिनियर माणूस, त्याला दूध प्यायलाही आवडत नव्हतं. तिथल्या शेतकऱ्यांचा संघ १९४६ सालचा. त्याआधी दूध एकाच बड्या डेअरीला घालावं लागायचं आणि भाव मधले लोक ठरवायचे. सरदार पटेलांनी सांगितलं, स्वतःचा संघ काढा. लोकांनी पंधरा दिवस दूध बंद ठेवलं, मुंबईला थेंब जाऊ दिला नाही. त्रिभुवनदास पटेल गावोगाव फिरले. कुरियन तर बॅग भरून निघाले होते, त्रिभुवनदासांनी जुन्या मशिनी दुरुस्त करायला थांबवून घेतलं. थांबले ते कायमचेच.

हे सगळं वाचायला छान आहे, पण मी अडकलो दुसऱ्याच ठिकाणी. गावातच दुधाचं माप, गावातच फॅट, आणि सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात. ते वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो.

कारण त्याच्या दोनच वर्षं आधी माझा माल बुडाला होता. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे व्यापाऱ्याने रोख दिले, गोड बोलला, चहा प्यायला घरात आला. पुढच्या माल 'आठवड्याने देतो' वर गेला. आठवड्याने फोन बंद, भाड्याच्या खोलीला कुलूप. तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, वजनाची पावती कुठंय? माझ्याकडे होता गाडीवाल्याने बिडीच्या कागदावर लिहिलेला आकडा. वजन त्याचं, आकडा त्याचा, कागदसुद्धा त्याचाच. चूक त्याची होतीच, पण मीही काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. आमच्या घरात मजुरांच्या हजेऱ्या, औषधाची उधारी, डिझेल, सगळं मंडळी त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिते. सातवी शिकलेली आहे ती. जुनी कालनिर्णयं तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली. तीन हंगामांची बेरीज करायला दोन रात्री लागल्या. ती आकडे सांगायची, मी वहीत उतरवायचो. विहिरीकडच्या पाऊण एकरात किलोला २३ रुपये खर्च निघाला, विक्री सरासरी २५. मी म्हटलं, चला, थोडं तरी सुटतंय. तर ती म्हणाली, "आपण दोघं राबलो त्याचे कुठं धरले?" दोघांची मजुरी धरली तर खर्च गेला २९ वर.

तो प्लॉट वडिलांनी लावलेला. पहिलं द्राक्ष आमच्याकडे त्याच मांडवाला आलं. तोडायला मला आणखी एक वर्ष लागलं, खोटं कशाला सांगू. वेल उपटले त्या दिवशी जेवलो नाही. आज तिथे टोमॅटो आहे. त्यातही दर वर्षी साधतंच असं नाही, पण निदान कुठे तोटा झाला ते कळतं.

पुस्तकात सगळंच आपल्या कामाचं नाही. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांशी भांडणं फार आहेत, ती पानं मी भरभर उलटली. आणि दूध रोज दोनदा येतं, रोज पैसा फिरतो. आपलं पीक वर्षातून एकदा, त्यात फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी आणि सगळं मुसळ केरात. म्हणून आणंदची नक्कल द्राक्षाला जशीच्या तशी बसत नाही. पण २०१० आठवा. क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा एकेकट्या शेतकऱ्याचं काहीच चाललं नाही. त्याच सुमाराला मोहाडीत सह्याद्रीची शेतकरी कंपनी उभी राहिली. शेतकऱ्यांच्या मालकीचं पॅकहाऊस, कोणत्या बागेतून कोणता माल आला त्याची नोंद. ते बघायला जाल तर आधी हे पुस्तक वाचून जा, जास्त कळेल.

एकदम वाचू नका. रात्री दहा पानं पुरे. मला महिना लागला होता.

पोराने पुस्तक नेलंय. काल रस्त्यात भेटला, म्हणाला, "नाना, आईने विचारलंय, मजुरी ह्या वर्षीच्या रोजाने धरायची का त्या त्या वर्षीच्या?" म्हटलं, त्या त्या वर्षीच्या.

पश्चिमेला जरा उघडल्यासारखं दिसतंय. टोमॅटोत करपा आलाय का बघून येतो.